पाह्यलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं

माझी आजी गोष्ट सांगायला बसली की आधी हद्द आखून घ्यायची. सुपातलं धान्य एका लयीत पाखडत राहायची आणि मध्येच हात थांबवून म्हणायची, "हितवर म्या पाह्यलेलं. आता म्होरचं ऐकलेलं हाय बरं." मग सूप पुन्हा हलायला लागायचं. आम्हा लेकरांना त्या हद्दीचं काही वाटायचं नाही. आम्हाला पुढं काय झालं एवढंच हवं असायचं.

सप्टेंबर 1948 ची गोष्ट मी तिच्या तोंडून कितीदा ऐकली असेल. 13 तारखेला भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली आणि 17 तारखेला निजामानं हार मानली. मराठवाड्यात आजही तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडा लावून पाळतात. आजी तेव्हा अंबड तालुक्यात, सासरच्या गावी, पदरात दोन लेकरं. आजोबा जालन्याला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायला. "इमान म्या पाह्यलं," आजी सांगायची. "आधी एक गेलं, मंग दुसरं. शेळ्या चरत व्हत्या, त्यांनी बी माना वर केल्या. रझाकार म्या न्हाई पाह्यले. तुझ्या आज्यानं पाह्यले. त्यांनी सांगितलं तेवढंच सांगते, वर एक शबुद घालायची न्हाई."

तिचा एक तिसरा वर्गही होता. भोकरदनकडच्या तिच्या चुलत सासऱ्यांनी असईच्या लढाईची गोष्ट आणली होती. 23 सप्टेंबर 1803 ला केळणा नदीच्या काठी वेलस्लीच्या इंग्रजी फौजेनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, ती ही लढाई. नदीचं पाणी लाल झालं होतं, असं ते सांगायचे. आजी ते सांगताना सुरुवातीलाच बजावायची, "ह्ये तर ऐकलेल्याचं ऐकलेलं हाय."

या बाईचा आणि मानववंशशास्त्रज्ञ, लेखिका इरावती कर्वे यांचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मला 1972 च्या दुष्काळातली एक रात्र सांगावी लागते.

त्या वर्षी मी दहा वर्षांची होते. विहिरी आटल्या, गावातली निम्मी माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापली की कडेनं चिरायची. माझी आत्या तेव्हा जालन्यात मुलींना विज्ञान शिकवायची. आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेली ती पहिली मुलगी. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ 1958 साली सुरू झालं नसतं तर तिला हैदराबादेला कोण पाठवणार होतं? सुट्टीला ती गावी आली की तिच्या पिशवीत एखादं पुस्तक असायचंच. त्या खेपेला तिनं इरावतीबाईंचं महाभारतावरचं 'युगान्त' आणलं होतं.

कंदिलाच्या उजेडात ती आजीला 'द्रौपदी' वाचून दाखवत होती. पांडव हिमालयाच्या वाटेला लागलेले. द्रौपदी पडते, धर्मराज मागं वळूनही न बघता चालत राहतो, आणि महाभारतातली द्रौपदी तिथं संपते. इरावतीबाई मात्र तिथून हलत नाहीत. त्यांच्या लेखात पडलेल्या द्रौपदीचा श्वास अजून चालू आहे. भीम तिच्याजवळ येऊन बसतो, आणि पाच जणांत आपल्यावर खरी माया कुणी केली हे तिला त्या शेवटच्या घटकेला उमगतं. आत्याचा आवाज तिथं बारीक झाला होता. आजीनं मिलो निवडणं थांबवलं.

"ह्ये पोथीत हाय, का त्या बाईच्या मनातलं?" तिनं विचारलं.

आत्यानं बोट ठेवून दाखवलं. इरावतीबाईंनी त्याच लेखात सांगून टाकलं होतं की एवढा भाग महाभारतातला नव्हे, आपण रचलेला आहे. आजीला वाचता येत नव्हतं, तरी ती त्या ओळीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मंग बाई खरी हाय."

पुढं मी इरावतीबाईंवर बरंच वाचलं. समीक्षकांनी लिहिलेलं वाचलं, 'युगान्त'ला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला हेही वाचलं. पण आजीच्या त्या चार शब्दांइतकं नेमकं मला कुठं सापडलं नाही.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंग्यान गावी. वडील गणेश हरी करमरकर तिथं कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते, आणि मुलीचं नाव त्यांनी तिथल्या इरावती नदीवरून ठेवलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबांच्या जिनिंगचा वास आला. सरकीचा तो कोंदट, तेलकट वास, आणि दिवाळीनंतर आजोबांच्या भुवयांवर बसलेला पांढरा बारीक कापूस. माझ्या आजीचं नावही नदीचंच. आमच्याकडं गोदावरीला गंगा म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलखाला गंगाथडी. आजीचं माहेर शहागडच्या बाजूला, गंगाथडीचं. इरावतीबाईंच्या अखेरच्या लेखसंग्रहाचं नाव 'गंगाजल' आहे हे कळलं तेव्हा आत्यानं ते पुस्तक आजीच्या फोटोपाशी नेऊन ठेवलं होतं.

सातव्या वर्षी इरावतीबाईंना शिकायला पुण्याला हुजूरपागेत धाडलं. तिथं शकुंतला परांजपे मैत्रीण झाली, आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात इरावती दुसरी लेक होऊन वाढली. शकुंतलाबाईंनी पुढं केंब्रिजला गणित केलं आणि नंतर कथा, नाटकं, कादंबरी लिहिली. एका घरात वाढलेल्या दोन मुली शास्त्राच्या वाटेनं निघाल्या आणि दोघीही गोष्टीपाशी येऊन पोचल्या. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. त्या घरात पोरींनी प्रश्न विचारावेत अशीच रीत होती.

फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान, मग मुंबईला घुर्ये यांच्याकडं समाजशास्त्राचं एम.ए. दरम्यान लग्न झालं ते महर्षी कर्वे यांच्या मुलाशी, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी. सुनेनं शिकायला जर्मनीला जावं हे महर्षींना पसंत नव्हतं. विधवांच्या शिक्षणासाठी जन्म वेचलेल्या माणसाच्या घरातही हे घडलं, म्हणून ते नोंदवावंसं वाटतं. दिनकररावांनी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज उभं केलं आणि 1928 च्या अखेरीस त्या बर्लिनला पोचल्या.

तिथं त्यांच्या हातात कवट्या आल्या. मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र अशा लांबलचक नावाची ती संस्था जेमतेम वर्षापूर्वी सुरू झालेली, आणि तिचे प्रमुख होते ऑयगन फिशर. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी अधिक असमान असते आणि त्याचा संबंध त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असं फिशरांचं गृहीतक होतं. ते सिद्ध करायचं काम या पुण्याच्या मुलीकडं आलं. तिनं 149 कवट्या मोजल्या. त्यातल्या कित्येक वसाहतींमधून आणलेल्या, ज्यांच्या नातलगांना कुणी विचारलंही नसेल अशा माणसांच्या होत्या. आकडे मांडल्यावर वंशाचा आणि त्या असमानतेचा काही संबंध निघेना, आणि तिनं तसंच लिहिलं. प्रबंधाला सगळ्यात खालची श्रेणी मिळाली. 1930 साली डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या. काही वर्षांतच तिथल्या वंशशास्त्रानं हिटलरच्या राजवटीला काय पुरवलं, ते जगाला ठाऊक आहे.

मला इथं थांबावंसं वाटतं. परका देश, परकी भाषा, समोर नावाजलेले गुरू आणि घरी कर्ज. अशा वेळी आकडे थोडे इकडंतिकडं झुकवले असते तर कुणाला कळलं असतं? तिनं पाह्यलं तेवढंच लिहिलं. वर एक शबुद घातला नाही.

1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. स्कूटर चालवणारी पुण्यातली पहिली बाई म्हणून त्यांचं नाव झालं, आणि आमच्या आत्याला सगळ्यात कौतुक त्या स्कूटरचंच. पण स्कूटरपेक्षा कितीतरी लांबची वाट त्यांनी बैलगाडीनं, ट्रकनं आणि पायी तुडवली. आसाम, बिहार, ओरिसा, कूर्ग. मिळेल तिथं मुक्काम, कधी शाळेच्या ओसरीत, कधी गोठ्यात. माणसांची मापं घ्यायची, रक्तगट तपासायचे, आणि बसून विचारायचं – तू हिला काय म्हणून हाक मारतोस?

त्या एका प्रश्नातून 1953 साली 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हे पुस्तक निघालं. भारतभरातल्या भाषांमधले नात्यांचे शब्द गोळा करून त्यांनी उत्तरेची रीत वेगळी, दक्षिणेची वेगळी, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या सांध्यावर, असं दाखवलं. उत्तरेत लग्न शक्य तितक्या परक्या घरात, लांबच्या गावात. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याची मुलगी, घरातल्या घरात. आपल्याकडं मामाची मुलगी चालते, पण उलट नाही.

हे वाचताना मी आमच्या ओसरीत जाऊन पोचले. माझी आजी तिच्या आत्याच्या घरात दिलेली. सासूला जन्मभर "आत्या" म्हणायची, आणि ती खरीच आत्या होती. सासऱ्यांना "मामा". गावातल्या इतर सुना नात्यातल्या नसल्या तरी सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजीच म्हणायच्या. म्हणजे लग्न परक्यात झालं तरी जुन्या रितीचा शब्द तोंडात तसाच राहिलेला. पुढं आजीच्या नणंदेची मुलगी आजीच्या माहेरी द्यायचा विषय निघाला तर आजीनं तो उंबऱ्यातच मोडला. "येल परतू न्हाई," म्हणाली. एका घराची लेक दुसऱ्या घरात गेली की वेल तिकडं चढला. तो मागं फिरवायचा नसतो. ज्याला विद्वान एकदिशा विवाहसंबंध म्हणतील ते आमच्या घरी असं एका वेलात मावलं होतं.

1980 नंतर आमच्या शेतात कापसाच्या बियाण्याचा प्लॉट आला, तेव्हा हा वेल मला पुन्हा भेटला. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको सुरू केली. त्यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज जालना बियाण्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. प्लॉटमध्ये नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. दुपार कलली की बाया मादीच्या ओळीत शिरायच्या. उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसर असे उतरवायचे की आतल्या कोवळ्या दांडीला धक्का लागू नये, आणि खुणेला रंगीत कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडून आणून त्या दांडीवर हलकेच फिरवायचं. एकही कळी चुकून स्वतःच फळली तर सगळं बी बाटतं. याला आमच्याकडं सरळ 'क्रॉसिंग' म्हणतात. आजी बांधावर बसून हे सगळं बघायची. एकदा तिनं कंपनीच्या माणसाला विचारलं, "बाप कोणत्या गावचा म्हणायचा ह्याचा?" तो हसला, पण त्याच्या वहीत त्या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं होतं.

शास्त्रज्ञ बाई लेखिका झाली, असं आपण म्हणतो तेव्हा एक काम सोडून तिनं दुसरं धरलं असा समज होतो. इरावतीबाईंच्या बाबतीत तारखाच वेगळं सांगतात. 'परिपूर्ती' हा ललितलेखांचा संग्रह 1949 चा, नात्यांवरचा मोठा ग्रंथ त्यानंतरचा. 1969 साली कोयनेच्या धरणग्रस्तांची पाहणी पुस्तकरूपानं आली, ती थोरली मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर केलेली, आणि तेव्हा 'युगान्त' येऊन दोन वर्षं झाली होती. मापं आणि गोष्टी एकाच टेबलावर होत्या. 'वाटचाल' या लेखात त्या पंढरीच्या वाटेवर बायांबरोबर चालतात, अभंगांत रंगतात, आणि त्याच वेळी एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बाया जेवायला वेगळ्या बसतात हे बघून त्यांचा जीव तुटतो. भक्तीनं डोळे भरून आले म्हणून बघायचं राहून गेलं नाही.

सगळंच काम आज जसंच्या तसं पटतं असं नाही. जातीजातींची डोकी आणि नाकं मोजून त्यांचं मूळ शोधायची पद्धत त्यांनी बर्लिनहून आणली आणि बराच काळ वापरली. ते आकड्यांचे तक्ते आज वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. ज्या बाईनं फिशरांचं गृहीतक खोटं ठरवलं तिनं त्याच मोजपट्टीवर इतकी वर्षं विश्वास का ठेवला, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारते. पण त्यांच्या ललितलेखनात ही मोजपट्टी हळूहळू खाली ठेवलेली दिसते. तिथं माणूस मोजला जात नाही, त्याचं ऐकलं जातं.

कादंबरी म्हणून त्यांनी काही लिहिलं नाही. 'युगान्त'मधली गांधारी, कुंती, द्रौपदी कादंबरीतल्या बायांइतक्या जित्याजागत्या आहेत, तरी पुस्तक कादंबरी नव्हे. कादंबरी पुढच्या पिढीनं लिहिली. जाई निंबकर यांनी इंग्रजीत. धाकट्या गौरी देशपांडे यांनी मराठीत, आणि मराठी बाई कादंबरीत काय बोलू शकते याची हद्दच त्यांनी पुढं सरकवली. गौरीबाईंच्या एका कादंबरीचं नाव 'उत्खनन'. त्यांच्या आईनं पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला खरोखरीचं उत्खनन केलं होतं, मातीखालून हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे काढले होते. गौरीबाईंची मुलगी ऊर्मिला देशपांडे, त्याही कादंबरीकार. त्यांनी तियागो पिंटो बार्बोसा यांच्याबरोबर आजीचं चरित्र लिहिलं, 'इरू'. 2024 साली ते आलं. इथला वेल आजीकडून लेकीकडं, लेकीकडून नातीकडं गेला.

भोकरदनलाही खोदकाम झालं, 1973 साली. सातवाहनांच्या काळचं भोगवर्धन ते हेच. तिथं हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तशाच घडणीची मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडलेली आहे. इरावतीबाई 11 ऑगस्ट 1970 ला गेल्या, त्यांना ती बघायला मिळाली नाही. आजीच्या त्याच भोकरदनच्या चुलत सासऱ्यांनी खोदकामाच्या खड्ड्याकाठी उभं राहून मजुरांना टोपल्या भरताना पाह्यलं होतं. मूर्ती त्यांनी पाहिली नव्हती, आणि पाहिली असं ते कधी म्हणालेही नाहीत.

मी म्हटलं होतं, एकदा. माझ्या पंचविशीत एका दिवाळी अंकासाठी मी आजीवर लेख लिहिला. रझाकार गावात शिरले, आजी कणगीमागं लपली, तिनं फटीतून घोडे पाहिले, असं सगळं मी रंगवून लिहिलं. लेख छापून आला, कौतुकाची पत्रं आली. आत्यानं तो आजीला वाचून दाखवला. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी मी तिच्या पायाला तेल लावत होते तेव्हा तिनं पाय ओढून घेतला. "घोडे म्या कवा पाह्यले?" म्हणाली. "तुज्या आज्याचं पाह्यलेलं तू माझ्या डोळ्यात कामून घातलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. गोष्ट रचण्यात पाप नव्हतं, रचली आहे हे मी सांगितलं नव्हतं. ती एक ओळ मी लिहायला हवी होती.

त्यानंतर मी वही केली. साधी दोनशे पानी, मध्ये उभी रेघ. डावीकडं पाह्यलेलं, उजवीकडं ऐकलेलं. आजी होती तोवर, म्हणजे 1991 पर्यंत, मी भरत गेले. डावीकडं विमान, शेळ्यांच्या वर झालेल्या माना, मिलोची चिरलेली भाकरी, शहागडच्या गंगेला आलेला पूर, आत्यासासूनं लग्नात दिलेलं चोळीचं कापड. उजवीकडं रझाकार, असई, लाल झालेलं पाणी. उजवी बाजू लवकर भरायची, आणि आजीला त्याचं समाधान असायचं. "ऐकलेलं लई असतंच," म्हणायची.

आत्या आता ऐंशीला आली. डोळे अधू झालेत, म्हणून वाचून दाखवायची पाळी माझी. परवा मी पुन्हा 'द्रौपदी' काढली. तोच भाग आला आणि मी म्हणाले, "आत्या, त्या रात्री इथं आजी रडली होती ना गं? पदरानं डोळे पुसले होते."

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. "नाही," म्हणाली. "माय रडली नाही. कंदिलाची काच काजळली म्हणून तिनं ती पदरानं पुसली. माझ्या अगदी समोर बसली होती."

मला मात्र ओले डोळे आठवतात, कंदील आठवत नाही. मी दहा वर्षांची होते, कोपऱ्यात गोधडीवर, अर्धी झोपेत. वही काढली. आधी डाव्या बाजूला पेन टेकवलं, मग उचललं, आणि उजवीकडं लिहिलं.